चिऱ्याचा जुना गोठा किंवा कोठार दुरुस्त करायचंय? मग रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

गोव्यात फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे, कुठेही कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) किंवा शेताच्या कडेला गेलात की चिऱ्याचा एक जुना गोठा नाहीतर भाताचं कोठार दिसतंच, आणि बऱ्याचदा त्यावर सिमेंटचा गिलावा फुगून सुटलेला असतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे घरी येतात, भिंत काळी पडलेली दिसते, कोणीतरी म्हणतो रंग मारून घेऊया, गवंडी येतो, सिमेंट थापतो, वर एक्स्टिरियर पेंट, आणि दोन पावसाळ्यांत परत तेच, फक्त यावेळी गिलाव्याबरोबर चिऱ्याचा पापुद्राही खाली येतो. साहित्य चुकतं हे खरं, पण त्याहून जास्त क्रम चुकतो. म्हणून हा लेख क्रमाने लिहिलाय आणि क्रमानेच वाचा, मधूनच गिलाव्यावर उडी मारू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू दे. चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड, तो पाणी पितो आणि उन्हात परत सोडतो. चुना चिऱ्यापेक्षा मऊ असतो, त्यातून वाफ बाहेर जाते, आणि झिजायचंच झालं तर चुना झिजतो, दगड वाचतो. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक, वाफ जवळजवळ अडवून धरणारं, त्यामुळे आतलं पाणी सिमेंटच्या मागेच साचतं आणि दगड आतून पिठासारखा होतो. बाहेरून भिंत तुकतुकीत दिसते म्हणून दोन वर्षं कळतही नाही.

## कॅलेंडर आधी

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चुन्याला सुकायला आणि हवेतून घट्ट व्हायला वेळ लागतो, म्हणून मार्चअखेर गिलावा संपला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये उरकलेला गिलावा जूनच्या पहिल्या झोडपणीत धुऊन जातो आणि मग लोक चुन्याला नावं ठेवतात.

माझं मत विचाराल तर दोन सीझनचं काम धरा. पहिल्या वर्षी छप्पर, पाण्याची वाट, सिमेंट काढणं आणि दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरणं. दुसऱ्या वर्षी गिलावा आणि सफेदी. एका सीझनमध्ये उरकतं, पण भिंत पातळ आणि कोरडी असेल तरच. चवथीच्या आधी उरकायचं असेल तर फक्त झाडझूड करा, आणि जनेलांना (खिडक्यांना) ऑइलपेंट मारून गप्प बसा, भिंतीला हात लावू नका.

## टप्पा १: कागद आणि फोटो

जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि सर्वे प्लॅन काढा. प्लॅनवर ती इमारत दाखवलीय का, उताऱ्यावर नावं कोणाकोणाची आहेत, कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाची नोंद आहे का, ते बघा. आपल्याकडे एका गोठ्याला पंधरा वारस असतात, त्यातले चार मुंबईत आणि दोन पोर्तुगालला, तेव्हा काम सुरू झाल्यावर भांडण्यापेक्षा आधी लेखी संमती घेतलेली बरी. मग पंचायतीत दुरुस्तीचा अर्ज द्या, जुन्या मापाचं स्केच आणि फोटो जोडून. खाडी-नदीच्या काठाला किंवा खाजनाला (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीला) लागून असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचं, आधी विचारा.

सावधान: "एवढं जुनं झालंय तर पाडून तस्संच नवीन बांधू" असं म्हणणारा एकजण प्रत्येक घरात असतो. पाडलं की ती दुरुस्ती राहत नाही, शेतजमिनीतलं नवं बांधकाम होतं, आणि त्याचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. लांबी, रुंदी, उंची काहीच बदलू नका.

फोटो चारही बाजूंनी, आतून, आणि कौलांखालून वर बघत काढा. काम सुरू झाल्यावर "इथे आधी काय होतं" हा प्रश्न दहा वेळा येतो.

## टप्पा २: एक पावसाळा नुसतं बघा

कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यात जास्त पैसे हाच टप्पा वाचवतो. भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती फिरा आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा.

वरून खाली उतरलेले काळे-हिरवे ओघळ दिसले तर कौल फुटलंय किंवा पन्हळ भरलीय. जनेलाच्या खालचा ओला डाग म्हणजे उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूला आहे. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत सलग ओल आणि वरच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती जमिनीतून चढलेली ओल आणि लोणा. गोठ्यात हा लोणा गव्हाणीच्या रांगेत आणि गुरं बांधायच्या जागी जास्त असतो, कारण वर्षानुवर्षं मूत-शेणातले क्षार भिंतीत मुरलेले असतात. गुरं विकून वीस वर्षं झाली तरी ते क्षार जात नाहीत. नेमक्या त्याच जागी नवा गिलावा परत परत का पडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

भेगा असतील तर प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर पाया हलत असू शकतो, तिथे इंजिनिअर बोलवा, चुना भरून ते थांबणार नाही.

तपासा: एक जुना खिळा घ्या आणि आडबाजूला, वळचणीखाली, दोन चिऱ्यांमधला सांधा खरवडा. पांढरट, खडूसारखी पूड पडली तर चुना. तांबडी माती सुटून आली तर मातीचा सांधा, आणि शेतातल्या इमारतींमध्ये हेच जास्त सापडतं, बाहेरून दोन बोटं चुना आणि आत नुसती माती. खिळा सरकतच नाही आणि करडी खरड दिसते, तिथे कोणीतरी आधीच सिमेंट भरलंय. मातीचा सांधा निघाला तर एक नियम कायमचा, प्रेशर पंपाने भिंत धुवायची नाही, आतली माती वाहून जाते आणि भिंत पोटातून रिकामी होते.

## टप्पा ३: चुना आत्ताच भिजत घाला

लोक गवंडी दारात आल्यावर चुन्याची पोती आणायला पळतात. चुना दिवाळीच्या आसपास भिजत घातला तर जानेवारीत वापरायला छान मिळतो.

कळीचा चुना, म्हणजे अजून न विरवलेला, मिळाला तर उत्तम. लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिकचा नको, कारण विरताना पाणी अक्षरशः उकळतं. ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा, उलट कधीच नाही. लांब काठीने ढवळत राहा, शांत झाला की चाळून घ्या आणि वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवा. कमीत कमी तीन-चार आठवडे. जितका जुना तितका लोण्यासारखा होतो.

सावधान: चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. पोरं आणि कुत्री लांब. डोळ्यात उडाला तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसंच डॉक्टरकडे जा.

कळीचा नाही मिळाला तर पॅकेटमधली चुन्याची पावडर चालते, पण ताजी पाहिजे. चिमूटभर पावडरीवर लिंबू पिळा. जोरात फसफसली तर ती हवा लागून मेलेली आहे, दुकानदाराला परत करा. ताजी असेल तर फारसं काही होत नाही. ही पावडरसुद्धा निदान एक-दोन दिवस पाण्यात भिजवूनच वापरायची.

## टप्पा ४: छप्पर

भिंतीला हात लावायच्या आधी वरचं पाणी थांबलं पाहिजे, पाऊस गेला की पहिलं काम हे.

कौलं उतरवताना प्रत्येक पाख्याची वेगळी रचून ठेवा आणि पालथी करून मागचा कारखान्याचा शिक्का बघा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगळुरी कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, लांबून सारखी दिसतात पण फटीतून पाणी आत येतं. म्हणून जुनी चांगली कौलं सगळी एका पाख्यावर, पावसाच्या बाजूला, आणि नवीन आणायची ती दुसऱ्या पाख्यावर. कौलांखालच्या रिपांचं अंतर हातात असलेलं कौल ठेवून ठरवा, सुताराच्या सवयीने नको.

वाशांचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते पहिलं कुजतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर तेवढाच भाग कापून जोड द्या, अख्खा वासा बदलायची घाई नको, जुन्या लाकडाच्या तोडीचं आता सहज मिळत नाही. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, हवा खेळली पाहिजे. तिथे सिमेंट ठासलं की दहा वर्षांत परत तेच. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आपल्याकडे आहेच आणि ती चांगली आहे, फक्त ते अंगाला लागलं तर चामडी सोलते, हातमोजे घाला.

वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर त्या कुठून येतात ते शोधा. कोपऱ्यात रोयण (वारूळ) उभं असेल तर आधी घरच्या जाणत्या बाईमाणसांशी बोला, सातेरी देवीचं म्हणून कित्येक घरांत त्याला हात लावत नाहीत. मग ते तसंच राहू दे आणि त्या बाजूचं लाकूड, सरपण, पेंढा भिंतीपासून लांब करा.

## टप्पा ५: खालच्या पाण्याची वाट

जुन्या इमारतींचं जोतं हळूहळू जमिनीत गेलेलं असतं, म्हणजे इमारत खचलेली नसते, बाजूची माती वाढलेली असते. पालापाचोळा, शेण, रस्त्याचा भराव. ही माती भिंतीपासून निदान एक मीटर रुंदीत जुन्या जोत्याच्या पातळीपर्यंत काढा आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या. पायाच्या खाली मात्र खणू नका, कुदळीला पायाचा दगड लागला की थांबा.

पागोळ्या पडतात तिथे जांभ्याच्या खडीचा चर करा, पाणी उडून भिंतीवर येत नाही. कुळागरात पाट भिंतीला चिकटून जात असेल तर तो वळवा, याला दुसरा उपाय नाही.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्वच्छ दिसावं म्हणून लोक भिंतीला लागून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालतात, आत शेणाची जमीन काढून टाइल्स बसवतात. मग जमिनीतल्या ओलीला वर यायला एकच जागा उरते, ती म्हणजे भिंत. आत गेस्टरूम करायची असली तरी भिंतीच्या कडेने हातभर पट्टी खडीची मोकळी सोडा.

## टप्पा ६: जुनं सिमेंट, झाडं आणि लोणा

हातोडीच्या दांड्याने गिलाव्यावर ठोका. पोकळ आवाज येतो तिथलं सिमेंट आधीच सुटलेलं आहे, छिन्नी कडेने तिरकी लावून हलक्या हाताने काढा. जिथे घट्ट चिकटलंय आणि काढताना चिऱ्याचा तुकडा सोबत येतोय, तिथे थांबा, तेवढं राहू द्या, दगड महत्त्वाचा. ग्राइंडर आणि ब्रेकर हॅमर या कामात आणूच देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर वेळ वाचतो म्हणेल, त्याचा वाचतो.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा वड उपटू नका. मुळांबरोबर चिरे सुटून येतात. बुंध्याशी कापा, कापलेल्या जागी झाड मारायचं औषध लगेच ब्रशने लावा, मूळ सुकेपर्यंत वाट बघा आणि मगच पोकळी भरा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि लांब टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. जिथे लोणा खूप आहे तिथे चुना आणि जाड वाळूचा एक कच्चा गिलावा मारा, १ ला ४ असा दुबळा, आणि एक पावसाळा तसाच सोडा. क्षार त्यात ओढले जातात, मग तो खरवडून फेकून द्यायचा. फेकायलाच मारायचा गिलावा ही कल्पना गवंड्याला पटवणं जरा कठीण जातं.

उघडी भिंत पावसाळ्यात तशीच राहणार असेल तर नैऋत्येच्या, पावसाच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधा. ताडपत्री चालेल, पण भिंतीला चिकटवू नका, मधून वारा गेला पाहिजे.

## टप्पा ७: चिरे बदलणं

कमीच बदला. चिऱ्याचा पुढचा बोटभर भाग झडलाय म्हणून तो काढायचा नसतो, चुना भरून चालतं. बोटांनी चुरा होतोय, भार घेत नाही, तेवढाच काढा, आणि एका वेळी एकच, शेजारचे दोन एकत्र कधी नाही.

नवा चिरा खाणीतून आल्याआल्या मऊ असतो, हवा लागून कडक होतो. म्हणून आधीच मागवून निदान काही महिने उघड्यावर रचून ठेवा. घेताना दोन चिरे एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत आवाज हवा, आणि पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी असलेले परत करा. मशीनकटचं माप जुन्यापेक्षा बहुधा वेगळं निघतं, तेव्हा मोठा आणून हाताने तासून घ्या. लहान आणून बाजूची फट चुना-वाळूच्या मसाल्याने भरायची नाही.

## टप्पा ८: दर्जा भरणं

आधी वाळू. समुद्राची किंवा खाडीची वाळू आयुष्यात नको, मीठ तुम्हीच विकत आणून भिंतीत घालताय. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा, तासाभराने वर गाळाचा थर जाड दिसला तर वाळू धुवून घ्या.

चुना किती घालायचा हे वाळूच सांगते. एक लिटरचं मापटं कोरड्या वाळूने काठोकाठ भरा, आणि मोजून पाणी ओता. पाणी वर दिसेपर्यंत जितकं गेलं तितकी तिच्यातली पोकळी, तितका चुना लागणार. बहुतेक वेळा ते मापट्याच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ येतं, १ ला ३ हे प्रमाण तिथूनच आलंय. तुमच्या वाळूत जास्त गेलं तर चुना जास्त घाला. पावसाच्या बाजूला आणि जोत्याजवळ थोडी वाळू कमी करून तिच्या जागी विटांची बारीक सुरखी घाला, पण विटा कमी भाजलेल्या घ्या, काळ्या पडलेल्या जळक्या विटांची सुरखी काही कामाची नसते.

"चिमूटभर सिमेंट टाका, लवकर धरेल." हे वाक्य प्रत्येक गवंडी म्हणतो. टाकू नका. तेवढ्याने धड सिमेंटची ताकद येत नाही आणि चुन्याचा गुण मात्र जातो.

सांधा हाताच्या छिन्नीने खरवडा, खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट. धूळ ब्रशने काढा. संध्याकाळी आणि परत सकाळी पाण्याचा शिडकावा मारा, चिरा ओलसर हवा पण वर पाणी चमकायला नको. आत मातीचा सांधा असेल तर खोल पोकळीत त्याच जागेची चाळलेली माती थोड्या चुन्यात मळून भरा आणि पुढचे दोन बोटं चुन्याचा मसाला. मसाला घट्टसर, लाडू वळला जाईल इतका. अरुंद पट्टीने आत दाबा, वरून फासू नका. चिऱ्याच्या तोंडावर मसाला पसरून मग रेघा ओढायची जी फॅशन आहे तिने पाणी उलट अडून राहतं.

तपासा: दुसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबा. ठसा उमटत नाही पण नखाने खरवडलं जातं, अशा वेळी कडक ब्रशने हलकं ठोकून तोंड खडबडीत करा. मग आठवडाभर गोणपाट टांगून ओलसर ठेवा.

## टप्पा ९: गिलावा, आणि लागतो का तेच आधी बघा

वळचणीखाली, जनेलाच्या कडेला जुन्या चुन्याचे पापुद्रे दिसतात का शोधा. दिसले तर भिंत मुळात गिलावा केलेली होती. तरी सगळं खरवडून चिरा उघडा टाकायचा आणि वर चकचकीत वॉर्निश मारायचं, हे होमस्टेवाल्यांचं खूळ आहे. वॉर्निश ओल सिमेंटसारखीच अडवतं.

मोठे खड्डे आधी भरा आणि सुकू द्या. मग एका वेळी १० ते १२ मिमी, त्याहून जाड नाही. पहिला थर खडबडीत सोडा, निदान आठवड्याने दुसरा. थर आवळू लागला की लाकडी रंध्याने ठोकून ठोकून दाबा, केसासारख्या भेगा तेव्हाच बुजतात, दुसऱ्या दिवशी नाही बुजत. लोखंडी थापीने गुळगुळीत चमकवू नका. फेब्रुवारी-मार्चचं ऊन थेट पडत असेल तर काम सावलीच्या बाजूने करत जा आणि गोणपाटाचा पडदा भिजवत राहा. गिलावा झटपट सुकला म्हणजे घट्ट झाला असं नव्हे, तो फक्त वाळला.

गूळ, मेथी, उडीद, अंडी, व्हिडिओत बघून हजार गोष्टी घालतात. गोठ्याला काही लागत नाही. चुना चांगला भिजलेला आणि पाणी मारणारा माणूस आळशी नसला की पुरतं.

## टप्पा १०: सफेदी

भिजवलेला चुना दुधाइतका पातळ करून चाळा. पहिला हात मारताना भिंत ओलसर हवी. ओला असताना हात पारदर्शक दिसतो, म्हणून लोक घाबरून दाट करतात आणि दाट केलेला वाळला की पोपडे निघतात. पातळ चार-पाच हात, प्रत्येक मध्ये एक दिवस. रंग हवा तर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती), आधी पाण्यात भिजवून, सगळं एकाच पिंपात एकदाच कालवा, नाहीतर प्रत्येक भिंत वेगळी दिसेल. व्हाइट सिमेंट किंवा फेविकॉल नको.

यापुढे दर मेमध्ये सरकलेली कौलं जागेवर, पन्हळ साफ, चरातला पाला बाहेर. पहिल्या दोन पावसांत एकदा फेरी मारून कुठे नवा ओघळ दिसतो का ते बघा आणि दिसला तर आधी वर कौलावर चढा. सफेदीचा एक हात दर एक-दोन वर्षांनी डिसेंबरात लावा, चवथीला नाही, मग पाहुणे काहीही म्हणोत.